गुरू, चंद्र, सूर्य आणि आमचा कॅमेरा

२०२६ च्या जानेवारीत आमच्या घरी दूरदर्शन संचावर गुरू ग्रहाचे छायाचित्र पाहायला वाडीतली बरीच मंडळी जमली होती. कोणी रविवारची मिस्सा आटोपून आले होते, कोणी केवळ कॉफीच्या आशेने आले होते. छायाचित्र पाहून झाले, कौतुक झाले आणि निघताना जवळजवळ प्रत्येकाने ओट्यावर चपला घालता घालता एकच प्रश्न विचारला, "कॅमेरा कोणता घेतलात?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र आमचे एक सबंध वर्ष गेले. आणि ते वर्ष आमचे एकट्याचे असते तर आम्ही त्याची एवढी खंत केली नसती. ते वर्ष आमच्या थोरल्या बंधूंच्या डोळ्यांतून वजा झाले. म्हणून वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर ओट्यावर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नाही. ते येथे सविस्तर देतो. आमच्यासारखी चूक दुसऱ्या कोणी करू नये, एवढाच त्यामागील हेतू आहे.

आमचे थोरले बंधू, आमचे दादा, रेल्वेच्या कार्यशाळेत फिटर होते. १९८५ साली हॅलेच्या धूमकेतूची वार्ता सर्वत्र पसरली, तेव्हा दादांनी दुर्बीण विकत न घेता स्वतः बनवण्याचा निश्चय केला. मुंबईतल्या आकाशप्रेमी मंडळींकडून त्यांनी आरसा घासण्याची रीत समजून घेतली. पडवीत डांबराच्या रिकाम्या पिंपावर काचेची एक चकती पक्की बसवली, दुसरी तिच्यावर ठेवली, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. आणि मग पिंपाभोवती हळूहळू प्रदक्षिणा घालीत घासणे. रोज कामावरून आल्यावर दोन तास. सहा इंच व्यासाचा तो आरसा मध्यभागी सव्वा मिलिमीटरहूनही कमी खोल आहे. पण त्याचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत बिनचूक लागतो. राळेच्या गादीवर सेरियम ऑक्साइडने अखेरचा हात फिरवून दुर्बीण तयार झाली, तेव्हा हॅलेचा धूमकेतू केव्हाच सूर्याला वळसा घालून परत निघून गेला होता!

दादा खचले नाहीत. धूमकेतू गेला तरी ग्रह होतेच. पुढची कित्येक वर्षे ते रात्री वाडीत दुर्बीण मांडून बसत आणि जे दिसेल ते एका जाड वहीत पेन्सिलीने काढीत. गुरूचे पट्टे, शनीचे कडे, चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या. खाली तारीख, वेळ आणि हवेविषयी एखादा शब्द. त्या वहीचे एक पान आमच्या गोष्टीला महत्त्वाचे आहे. ते १९८९ च्या डिसेंबरातले. त्या हिवाळ्यात गुरू मिथुन राशीत होता, आणि दादांनी त्याच्यावरील तांबडा डाग मोठ्या निगुतीने रेखाटला होता.

२०२३ साली दादांच्या डाव्या डोळ्यापुढे मध्यभागी धुके दाटू लागले. नेत्रतज्ज्ञांनी मॅक्युलर डिजनरेशनचे निदान केले. या विकारात दृष्टिपटलाचा मध्यबिंदू निकामी होत जातो. कडेची दृष्टी राहते, पण ज्याच्याकडे रोखून पाहावे नेमके तेच पुसले जाते. दादांचा विकार ज्या प्रकारचा होता, त्यात गेलेली दृष्टी परत येण्याची आशा नव्हती. पुढे उजव्या डोळ्यातही तीच लक्षणे दिसू लागली. एके रात्री ते स्वतःच घडवलेल्या दुर्बिणीवर वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि सरळ होत म्हणाले, "आहे का रे तो तिथे?" गुरू नेत्रिकेच्या ऐन मध्यावर होता. आम्हाला काय बोलावे ते सुचेना.

मार्ग दादांनीच सुचवला. "पडद्यावर ताटाएवढा करून दाखवता आला, तर मी कडेने पाहीन," ते म्हणाले. आणि निवृत्तिवेतनातून बाजूला ठेवलेली एक रक्कम आमच्या हाती देऊन म्हणाले, "तू शिकलेला आहेस. नीट पाहून कॅमेरा आण."

येथून आमच्या शहाणपणाची कथा सुरू होते.

२०२४ च्या दिवाळीआधी आम्ही मुंबईतल्या एका दुकानात गेलो. त्या वर्षी ७ डिसेंबरला गुरू सूर्यासमोर येणार होता, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आणि रात्रभर आकाशात. दुकानदाराने आमच्यापुढे २४ मेगापिक्सेलचा एक डीएसएलआर कॅमेरा ठेवला. "ग्रहांसाठी चालेल ना?" आम्ही विचारले. "का नाही चालणार? एवढा मोठा सेन्सर आहे!" तो उत्तरला. आम्हाला ते पटले. मोठे ते चांगले, अधिक ते उत्तम, हा बाजाराचा जुना मंत्र आहे. तो आम्ही भाजी घेताना मानीत नाही. कॅमेरा घेताना मात्र मुकाट्याने मानला. दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. त्याला आकाश ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते आम्हाला.

पहिल्याच रात्री फजिती झाली. आमची दुर्बीण डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेली. प्रतिमा जेथे एकवटते ती जागा नळीच्या तोंडापासून फार बाहेर नाही. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या कड्यापासून सेन्सर सुमारे ४४ मिलिमीटर आत बसवलेला असतो. त्यामुळे कॅमेरा कितीही आत रेटला तरी गुरूचा धूसर लाडूच दिसे. शेवटी मध्ये दुप्पट वाढवणारे बार्लो भिंग घातले, तेव्हा प्रतिमा जुळली. पण जुळून काय मिळाले? सहा हजार पिक्सेल रुंदीच्या त्या अवाढव्य पटावर गुरू जेमतेम १४० पिक्सेल रुंद! दोन कोटी चाळीस लाख पिक्सेलांपैकी सोळा हजारांच्या आसपास त्याच्या वाट्याला आले, उरलेल्यांवर काळोख. दादांची रक्कम आम्ही त्या काळोखासाठी मोजली होती.

एक एक छायाचित्र घेतले तर ते हवेच्या थरथरीने फिसकटलेले निघे. चलच्चित्र घ्यावे, तर कॅमेरा आपला सहा हजारांचा पट १,९२० पिक्सेलांवर आणून ठेवी. मग गुरू ४५ पिक्सेलांचा होई आणि त्यातले बारकावे फाइल लहान करण्याच्या खटाटोपात आणखी पुसले जात. आम्ही ते चित्र मोठे करून दादांना दाखवले. त्यांनी मान तिरकी करून पाहिले. "बटाटा आहे," ते म्हणाले. आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून स्वतःच हसले.

तो हिवाळा तसाच गेला. २०२५ च्या पावसाळ्यात दादांच्या उजव्या डोळ्याचाही मध्य गेला.

पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद होते. त्या काळात आम्ही, उशिरा का होईना, अभ्यासाला बसलो. अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या सोबतीला होता. तेव्हा उमगले की आम्ही प्रश्नच उलटा विचारला होता. "चांगला कॅमेरा कोणता?" असा प्रश्न नसतो. काय पाहायचे आहे, ते आकाशात केवढे दिसते आणि कोणत्या हवेतून पाहायचे आहे, येथून आरंभ करावा लागतो.

आधी हवेविषयी. आपल्याकडच्या बावखळात तळाशी एखादे नाणे पडले आहे आणि पाण्यावर लहरी उठत आहेत, अशी कल्पना करा. नाणे हलते, वाकडे होते, दुभंगते. पण क्षणभर लहरी निवल्या की त्याच्यावरचा छापही दिसून जातो. आपण वातावरणाच्या अशाच बावखळाच्या तळाशी उभे राहून वर पाहत असतो. दुर्बिणीवर तासन्‌तास बसणाऱ्याला ते निवळ क्षण ठाऊक असतात. दादांच्या वहीतली चित्रे त्या क्षणांची बेरीज होती: एका क्षणी एक पट्टा, पाच मिनिटांनी दुसरी कडा, असे टिपत टिपत त्यांनी गुरू पुरा केला होता.

ग्रहांचा आजचा छायाचित्रकार नेमके हेच यंत्राकरवी करतो. तो एक चित्र घेत नाही. सेकंदाला पन्नास, शंभर याप्रमाणे हजारो चौकटी घेतो. मग संगणक त्या एकेक पारखतो, धूसर त्या टाकून देतो आणि निवळ क्षणांतल्या तेवढ्या एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतो. डेव्हिड फ्रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ साली असा सुदैवी निवळ क्षण किती वेळा लाभेल याचे गणित मांडले. झटपट चित्रमालिका घेण्याची कल्पना तर त्याहून जुनी आहे. १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून गेला, तेव्हा फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन जपानात एक 'छायाचित्रणाचे रिव्हॉल्व्हर' घेऊन गेले होते. फिरत्या चकतीवर ७२ सेकंदांत ४८ चित्रे टिपणारे ते यंत्र. आजचे ग्रहांचे कॅमेरे त्याचेच दूरचे वंशज म्हणायला हरकत नाही.

यावरून पहिली गोष्ट ठरली: कॅमेरा चपळ हवा. सेन्सर मोठा असण्याची गरज नाही, कारण ग्रह आकाशात इवलासा दिसतो. गुरूचे बिंब फार झाले तर ५० विकलांचे. चंद्राचे त्याच्या सुमारे चाळीसपट. सेन्सर लहान असला की संगणकाकडे पाठवायचा मजकूर थोडा राहतो आणि वेग वाढतो. दुसरी गोष्ट पिक्सेलच्या आकाराची. त्यासाठी या छंदातल्या जाणकारांचा एक सोपा हिशेब आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, त्याला पाचाने गुणावे, दुर्बिणीचे नाभीय अंतर तिच्या व्यासाच्या साधारण तितके पट असावे. हवा चंचल असेल तर तीन-चार पट पुरे. आमच्या आरशाचे नाभीय अंतर १,२०० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या आठपट. बार्लो भिंगाने ते सोळापट होते. त्याला तीन मायक्रॉनच्या आसपासचा पिक्सेल जुळतो. याहून फार मोठा पिक्सेल घेतला तर बारकावे हरवतात. फार लहान घेतला तर प्रकाश विरळ होतो, एक्स्पोजर लांबते आणि निवळ क्षण हातचा निसटतो.

तिसरा प्रश्न रंगीत की कृष्णधवल, हा होता. कृष्णधवल सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल सगळा प्रकाश घेतो, म्हणून चित्र अधिक तीक्ष्ण येते. पण रंग हवा असेल तर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या लावून तीन वेळा चित्रण करावे लागते. आणि गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो! दोन-तीन मिनिटांहून अधिक रेंगाळले की त्याचे बारकावे सरकून पुसट होतात. आमच्या दुर्बिणीला ग्रहामागे आपोआप फिरणारी मोटार नाही. तेव्हा रंगीत सेन्सरच आमच्या सोयीचा होता.

शेवटी निवड झाली ती सोनी कंपनीच्या आयएमएक्स ४६२ या सेन्सरच्या एका छोट्या रंगीत कॅमेऱ्याची. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, सेन्सरची लांबी साडेपाच मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. पिक्सेल अवघे एकवीस लाख. कॅमेरा दिसायला औषधाच्या डबीसारखा. त्याला ना पडदा, ना बटण. तारेने संगणकाला जोडावा तेव्हा तो जिवंत होतो. त्याला अवरक्त किरणही दिसतात. म्हणून रंग खरे उमटण्यासाठी पुढे एक अवरक्तरोधक काच लावावी लागते. सौ.ने तो तळहातावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, "अहो, पहिला निदान पैशासारखा तरी दिसत होता!"

कॅमेऱ्याइतकाच संगणकही पाहून घ्यावा, हे आम्ही अनुभवाने सांगतो. सेकंदाला साठ चौकटी म्हणजे सव्वाशे मेगाबाइटचा लोंढा. आमच्या जुन्या लॅपटॉपची डिस्क त्याखाली गुदमरली आणि निम्म्या चौकटी वाटेतच गळाल्या. पुतण्याच्या नव्या लॅपटॉपने आमची लाज राखली. चित्रणासाठी फायरकॅप्चर आणि चौकटी पारखून रचण्यासाठी ऑटोस्टॅकर्ट, हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात. त्यांच्या कर्त्यांचे आम्ही मनोमन आभार मानले.

आता चंद्राविषयी आणि सूर्याविषयी. कारण तेथे आमच्या पहिल्या, चुकीच्या कॅमेऱ्याचे दैव उघडले.

आमच्या दुर्बिणीत बार्लो भिंगाशिवाय चंद्राची प्रतिमा अकरा मिलिमीटरच्या आसपास पडते. तांदळाच्या दाण्यात ती मावणार कशी? त्यावर चंद्राचा एकेक तुकडाच येतो आणि मग गोधडीसारखे तुकडे जोडावे लागतात. डीएसएलआरच्या पंधरा मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवर मात्र पुरा चंद्र अगदी मापात बसतो, जणू त्याच्यासाठीच बेतलेला! अडचण होती ती प्रतिमा जुळण्याची. ती दादांनी सोडवली. त्यांनी दुर्बिणीची नळी मांडीवर घेतली, नुसत्या हाताच्या स्पर्शाने आरशाची बैठक सैल केली आणि ती चाळीस मिलिमीटर पुढे आणून नव्या भोकांत बसवली. भोके आम्ही पाडली, पण खुणा त्यांच्या बोटांनी केल्या. पूर्वीप्रमाणे डोळ्याने पाहायचे तर नेत्रिकेमागे तेवढ्याच लांबीची नळी जोडावी लागते, इतकेच.

त्या चंद्रचित्रावर पुतण्याने विवरांची नावे टाकली. क्लेव्हिअस, ग्रिमाल्डी, रिचिओली. दादांना ती तोंडपाठ होती. चंद्रावरच्या नावांची आजची पद्धत १६५१ साली रिचिओली या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूने आपल्या ग्रंथात घालून दिली. नकाशाच्या कामात त्यांचे सहकारी ग्रिमाल्डी हेही त्याच संघाचे. कोपर्निकसचे मत त्या काळी चर्चला मान्य नव्हते; तरी रिचिओली यांनी त्याचे नाव चंद्रावरच्या एका अत्यंत देखण्या विवराला दिले. चंद्राचे बारकावे हवे असतील त्याने कृष्णधवल सेन्सर घ्यावा आणि पुढे लाल गाळणी लावावी. लाल प्रकाशाला हवेची थरथर कमी बाधते. चंद्राला रंग असा फारसा नाहीच, तेव्हा रंगीत सेन्सरची तेथे निकड नाही.

सूर्याच्या बाबतीत कॅमेऱ्याआधी डोळ्यांचा विचार करावा. ज्या घरात दोन डोळे गेले त्या घरातून हे लिहीत आहोत, म्हणून वाचकांनी ते विशेष मनावर घ्यावे. सूर्यप्रकाशाचा केवळ एक लक्षांश आत सोडणारी खास सौर फिल्म दुर्बिणीच्या तोंडावर, पुढच्या बाजूस, घट्ट बसवल्याखेरीज दुर्बीण सूर्याकडे वळवू नये. शोधक दुर्बिणीलाही झाकण घालावे. जुन्या दुर्बिणींसोबत नेत्रिकेत बसवायची एक काळी काच येत असे. ती एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकते आणि तडकली की क्षणात डोळा जातो. अशी एक काच दादांकडे होती. त्यांनी ती फार पूर्वीच विहिरीत टाकून दिली. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, थरावर थर काळे चष्मे, यांतले काहीही चालत नाही.

एवढी काळजी घेतली की सूर्यासारखा उदार विषय नाही. प्रकाश मुबलक, शिवाय मुले जागी असतात तेव्हाच तो दिसतो. २०२४ च्या मे महिन्यात सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह आला होता, सुमारे दोन लक्ष किलोमीटर पसरलेला. तेव्हा आमच्याकडे कॅमेरा नव्हता. सौर फिल्म लावून नेत्रिकेशी मोबाइल धरला आणि वाडीतल्या मुलांनी ते डाग मोजले. म्हणून आमचा सल्ला असा, की ज्याच्याकडे काहीच नाही त्याने पहिले चित्र मोबाइलने घ्यावे. चंद्राला आणि सूर्याला तो पुष्कळ होतो. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला मात्र साध्या फिल्ममधून दिसत नाहीत. त्यांना हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तेवढा वेचणारी वेगळी, महागडी दुर्बीण लागते. आणि तेथे कृष्णधवल सेन्सरच घ्यावा, कारण रंगीत सेन्सरच्या चार पिक्सेलांपैकी एकच त्या प्रकाशाच्या कामी येतो. ते वैभव आमच्या आवाक्यातले नाही.

आणखी एक दिलासा. ग्रह, चंद्र आणि सूर्य यांना गावच्या दिव्यांची बाधा होत नाही. नीहारिका टिपणाऱ्यांना दूर अंधारात जावे लागते. आपल्याला अंधेरीच्या गॅलरीतूनही गुरू तितकाच चांगला मिळतो. भोवतालच्या उष्णतेपासून मात्र सांभाळावे. आमच्या काँक्रीटच्या गच्चीतून मध्यरात्रीपर्यंत दिवसाची ऊब वर येत राहते. म्हणून आम्ही दुर्बीण पुन्हा खाली, केळीच्या बागेशेजारी मातीवर आणली, जेथे दादा ती पूर्वी मांडीत असत.

२०२६ च्या १० जानेवारीला गुरू पुन्हा सूर्यासमोर आला आणि तोही पुन्हा मिथुन राशीत. बारा वर्षांची एक, अशा तीन प्रदक्षिणा पुऱ्या करून तो दादांच्या वहीतल्या त्या पानावर परत आला होता. तांबडा डाग आपल्या बाजूस केव्हा येईल, त्याची वेळ पुतण्याने काढली होती. त्यानुसार त्या आठवड्यातली एक रात्र निवडली. दादा कानाला मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले. दहाच्या सुमारास गुरू पूर्वेला पन्नास अंशांवर चढला. मोटार नसल्यामुळे तो अर्ध्या मिनिटात सेन्सरच्या एका कडेने शिरून दुसरीने निघून जाई. आम्ही दुर्बीण पुढे सरकवून थांबावे, त्याने पुन्हा ओलांडून जावे, असे तीन वेळा केले. तीन मिनिटांच्या आत पाच हजारांवर चौकटी जमल्या. संगणकाने त्यांतल्या तेराशे ठेवल्या.

त्या तेराशेंचे एक चित्र झाले आणि पुतण्याने ते दूरदर्शन संचावर लावले. ताटाएवढा गुरू. दादा उठले, संचाच्या डाव्या बाजूस जाऊन उभे राहिले, मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहू लागले. घरात कोणी बोलेना.

"दोन पट्टे," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "खालच्या पट्ट्याखाली डाग आहे. पण खाली कसा? मी वर काढलेला आहे."

वही आणली. १९८९ च्या पानावर डाग वरच्या बाजूस होता. दादांची रीत जुनी. दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते म्हणून दक्षिण वर धरून काढायची. पुतण्याने उत्तर वर केली होती. त्याने चित्र फिरवले. दादांनी पुन्हा पाहिले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"डाग लहान आहे. माझा याहून लांब होता." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "खरे सांग. हे त्याचे चित्र आहे, की यंत्राने बनवलेले?"

प्रश्न रास्त होता. या प्रोग्रॅममध्ये अखेरीस चित्र धारदार करण्याची कळ असते. ती अधिक फिरवली की नसलेल्या रेषाही उमटतात. तो मोह आम्हालाही झाला होता. आम्ही सांगितले, "दादा, यात बाहेरचे काहीही घातलेले नाही. वाईट चौकटी टाकल्या, चांगल्या ठेवल्या आणि धार बेताचीच दिली. तू पेन्सिलीने जे करीत होतास तेच."

"मग माझी चूक झाली म्हणायची," ते म्हणाले आणि वही मिटू लागले.

पुतण्याने त्यांचा हात धरला. "बाबा, तुमची चूक नाही. डागच लहान झाला आहे." मग त्याने आकडे सांगितले. १९७९ साली व्हॉयेजर यानांनी तो डाग मोजला तेव्हा त्याची लांबी सुमारे २३,००० किलोमीटर होती. २०१४ साली हबल दुर्बिणीने मोजला तेव्हा ती १६,५०० किलोमीटर भरली. गेली कित्येक दशके तो आक्रसत चालला आहे. दादांनी १९८९ साली लांब काढला, कारण तेव्हा तो लांब होता. आम्ही २०२६ साली आखूड टिपला, कारण आता तो आखूड आहे. पडवीत घासलेल्या त्याच आरशाने दोन्ही वेळा खरेच सांगितले होते.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही पुन्हा उघडायला लावली, कोरे पान काढायला सांगितले आणि मुलांची जाड काळी स्केचपेन मागितली. संचाच्या कडेला उभे राहून, तिरके पाहत, त्यांनी एक मोठे वर्तुळ काढले. रेषा थरथरत होती. दोन पट्टे, आणि वरच्या पट्ट्याला खेटून डाग, लहान. खाली तारीख घालायला आम्हाला सांगितली. हवेविषयीचा शब्दही त्यांनीच सांगितला: "बरी."

आता ओट्यावर कोणी "कॅमेरा कोणता घेतलात?" असे विचारले, की आम्ही आधी त्यालाच विचारतो, "कोणाला काय दाखवायचे आहे?" तेवढे त्याने सांगितले की पुढचा हिशेब आम्ही आनंदाने मांडून देतो.